आदिवासींचे मनःस्वास्थ्य : वाशीमच्या नोंदींतील रिकामा रकाना

पश्चिम विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि वाशीम जिल्हा यांचे नाते गेली दोन दशके सर्वांना परिचित आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वर्धा यांच्याबरोबर वाशीमची गणना आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांत झाली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या दौऱ्यात जाहीर केलेल्या विशेष मदत योजनेतही हेच सहा जिल्हे होते. त्यानंतर या जिल्ह्यात अभ्यासगट आले, सर्वेक्षणे झाली, अहवाल सादर झाले. मात्र, याच जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांच्या मनःस्वास्थ्याविषयी स्वतंत्र माहिती शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ही उणीव कशी निर्माण झाली आणि शासनाच्या धोरणासाठी संशोधन करणारे प्रशिक्षणार्थी विद्यार्थी ती कितपत भरून काढू शकतात, याचा हा आढावा.

जिल्हा आणि जमाती

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजारांच्या घरात होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सात टक्क्यांहून किंचित कमी होते. राज्यात हे प्रमाण ९.३५ टक्के होते. म्हणजे वाशीम हा आदिवासीबहुल जिल्हा नव्हे. येथील आदिवासी वस्त्या विखुरलेल्या आहेत. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्र राज्यातील तेरा जिल्ह्यांत पसरलेले आहे. शेजारचे अमरावती, यवतमाळ हे जिल्हे त्यात येतात, वाशीम येत नाही. त्यामुळे ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा येथे लागू होत नाही. आदिवासी विकास विभागाचा कारभारही अकोला येथील एकात्मिक प्रकल्प कार्यालयातून चालतो आणि अकोला, बुलडाणा व वाशीम असे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत.

जिल्ह्यातील जमातींमध्ये आंध आणि पारधी यांचा उल्लेख प्रामुख्याने करावा लागतो. आंध समाज मराठी बोलतो. अल्पभूधारक शेती आणि शेतमजुरी ही त्याची उपजीविका. गावात तो इतका मिसळून गेलेला आहे की बाहेरून आलेल्या पाहुण्याला त्याचे वेगळेपण जाणवतही नाही. फासेपारधींची स्थिती याच्या अगदी उलट आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का या समाजाला सोसावा लागला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या बेड्यावर जाण्याची सवय त्याबरोबर रद्द झाली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली आणि फासे लावून पाखरे धरण्याचा पिढीजात व्यवसाय बेकायदा ठरला. घरात बोलली जाणारी पारधी बोली शाळेतील मराठीपासून दूरची, हा आणखी एक अडसर.

यांच्याच शेजारी बंजारा समाजाचे तांडे आहेत. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे त्यांचे देशभर मानले जाणारे श्रद्धास्थान. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे, अनुसूचित जमातींच्या नाही. तेव्हा एकाच शिवारात राबणारी, एकाच दुष्काळाने पोळलेली तीन कुटुंबे शासनाच्या तीन वेगवेगळ्या रकान्यांत मोडू शकतात. अभ्यासकाने हा गुंता आरंभीच ध्यानात घ्यावा लागतो.

आजवर काय मोजले गेले

वाशीममध्ये धोरणासाठी झालेले महत्त्वाचे संशोधन शेतकरी आत्महत्यांचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ साली राज्यातील आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल सादर केला. पाठोपाठ २००६ च्या आरंभी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांचा अहवाल राज्य शासनाकडे आला. त्याचे क्षेत्रीय सर्वेक्षण वर्धा, यवतमाळ आणि वाशीम या तीन जिल्ह्यांत झाले होते. आत्महत्या घडलेल्या १११ कुटुंबांची माहिती घेऊन तिची इतर शेतकरी कुटुंबांशी तुलना करण्यात आली. कर्जबाजारीपणा ८६ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आढळला आणि सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणांत कुटुंबाची आर्थिक पत घसरली होती. आत्महत्येमागे एकच कारण नसते, अनेक कारणांची साखळी असते, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले.

पुढे २०१५-१६ मध्ये राज्य शासनाने विदर्भ व मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. वाशीम त्यात होते. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन ठरावीक प्रश्नावलीच्या आधारे नैराश्याची लक्षणे असलेल्या व्यक्ती हेराव्यात, त्यांना आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवावे आणि १०४ या दूरध्वनी क्रमांकावर समुपदेशन मिळावे, अशी ही योजना होती.

असे काम खेड्यात परिणामकारक ठरू शकते, याचा पुरावा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातून मिळाला. 'विश्राम' या कार्यक्रमात तीस गावांतील स्थानिक कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखण्याचे आणि धीर देण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले.

मोजणीबाहेर कोण राहिले

या साऱ्या प्रयत्नांचा मध्यबिंदू 'शेतकरी' हा होता आणि शासनाच्या दफ्तरी शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस. आत्महत्याग्रस्त कुटुंबास एक लाख रुपयांची मदत द्यावयाची की नाही, याचा निर्णय जिल्हा समिती 'पात्र' आणि 'अपात्र' अशा दोन शब्दांत करते आणि त्यासाठी कुटुंबाच्या नावे शेतजमीन असणे ही मूलभूत अट आहे. भूमिहीन शेतमजूर या व्याख्येत बसत नाही. गायरानावर वा वनजमिनीवर वर्षानुवर्षे पेरणी करूनही ज्याच्या हाती पट्टा नाही, तोही बसत नाही. आंध वा पारधी कुटुंबातील कर्त्या माणसाने जीवन संपविले, तर घरच्यांच्या दुःखात तसूभर फरक पडत नाही. नोंदीत मात्र पडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात आत्महत्यांची वर्गवारी वय, लिंग, शिक्षण व व्यवसायानुसार मिळते, जमातीनुसार मिळत नाही.

राष्ट्रीय पातळीवरील आकडेवारीचाही येथे उपयोग होत नाही. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले. उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक विकारांत ७० टक्क्यांहून अधिक होते. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले; महाराष्ट्र त्यांत नव्हता.

जानेवारी २०१८ मध्ये नीती आयोगाने वाशीमची निवड आकांक्षित जिल्हा म्हणून केली. नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद हे राज्यातील अन्य तीन जिल्हे. जिल्ह्याची प्रगती ४९ निर्देशांकांवर मोजण्याचे ठरले. त्यात गरोदर मातांची नोंदणी होती, लसीकरण होते, शाळेतील वीज होती; मनःस्वास्थ्याचा निर्देशांक एकही नव्हता. प्रशासन निर्देशांकांमागे धावते, हे लक्षात घेता या अनुपस्थितीचा अर्थ उघड आहे.

डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ साली आला. कुपोषण व संसर्गजन्य आजार, वाढते असंसर्गजन्य आजार, आणि मानसिक विकार व व्यसने असा तिहेरी भार आदिवासी समाजावर असल्याचे या समितीने नोंदविले. देशातील आदिवासींपैकी निम्म्याच्या आसपास लोक आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात, याकडेही तिने लक्ष वेधले. वाशीमचे आदिवासी याच दुसऱ्या गटातील आहेत. मेळघाट वा गडचिरोलीसाठी आखलेले कार्यक्रम त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि सर्वसाधारण कार्यक्रमांत ते वेगळे दिसत नाहीत.

विद्यार्थी संशोधक कोठून येतात

अशा कामासाठी विद्यार्थ्यांचा उपयोग करून घेण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९३६ साली मुंबईत सुरू झालेली समाजकार्याची पदव्युत्तर शाळा म्हणजेच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, १९६३ पासून कार्यरत असलेली पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था आणि विदर्भातील समाजकार्य महाविद्यालये यांच्या अभ्यासक्रमात 'क्षेत्रकार्य' अनिवार्य असते. विद्यार्थी आठवड्यातील ठरावीक दिवस वस्तीत, रुग्णालयात किंवा शासकीय कार्यालयात काम करतो आणि त्याचा अहवाल लिहितो.

गेल्या काही वर्षांत आणखी वाटा खुल्या झाल्या. नीती आयोगाच्या प्रशिक्षणार्थी योजनेत पदवी व पदव्युत्तर विद्यार्थी सहा आठवडे ते सहा महिने विनावेतन काम करतात. राज्य शासनाने २०१५ साली मुख्यमंत्री फेलोशिप सुरू केली. मध्यंतरीच्या खंडानंतर २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. २०१६ पासूनच्या उन्नत महाराष्ट्र अभियानाने अभियांत्रिकी महाविद्यालयांना जिल्हा प्रशासनाच्या प्रश्नांशी जोडले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवी अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यानुभवाला श्रेयांक मिळू लागले. आदिवासींविषयीच्या संशोधनासाठी राज्याची स्वतंत्र संस्थाही आहे. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून हे काम करीत आहे.

वाशीमपुरती सर्वांत महत्त्वाची घडामोड २०२४ सालची. त्या वर्षी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय अभ्यासक्रमातील कुटुंब दत्तक कार्यक्रमानुसार पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबांशी संबंध जोडायचा असतो आणि शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावयाचा असतो. दत्तक कुटुंबांत बेड्यावरची आणि आंध वस्तीतील घरे आली आणि रक्तदाबाबरोबर झोप, चिंता, व्यसन यांचीही विचारपूस झाली, तर काही वर्षांत जिल्ह्याजवळ पूर्वी कधीही नव्हती अशी माहिती जमा होईल.

प्रश्न कोणत्या भाषेत विचारावा

मनःस्वास्थ्याचे मोजमाप करण्यासाठी जगभर ठरावीक प्रश्नावल्या वापरल्या जातात. नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही उपलब्ध आहे. पण पुस्तकी मराठीतील 'निराश वाटणे' आणि वऱ्हाडातील माणसाचे बोलणे यांत अंतर असते. खेड्यात मनाचे दुखणे बहुधा शरीराच्या भाषेत सांगितले जाते. जीव घाबरतो, मन लागत नाही, डोके जड होते, अंगात त्राण राहत नाही, झोप उडाली, ही त्याची रूपे. 'टेन्शन' हा शब्द तर आता अंगणापर्यंत पोहोचलेला आहे. एखाद्याच्या वागण्यात बदल झाला की बाहेरची बाधा झाल्याचे मानून आधी भगताकडे जाणारी कुटुंबेही आहेत. त्यांना अंधश्रद्धाळू म्हणून मोडीत काढणाऱ्या संशोधकाला पुढची माहिती मिळत नाही. जवळचा मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. भगत गावातच असतो आणि तो पूर्ण ऐकून घेतो, ही वस्तुस्थिती समजून घेणे हा संशोधनाचाच भाग आहे. पारधी बोली बोलणाऱ्या घरात तर त्याच समाजातील शिकलेल्या तरुणाच्या किंवा तरुणीच्या सहभागाविना असा अभ्यास करूच नये.

लोकांना आधी विचारण्याने काय साधते, याचे उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गोंड लोकांना ते रुग्णालयात का येत नाहीत, असे विचारले. मोठी इमारत आणि परके वातावरण यांची भीती वाटते, हे त्यातून समजले. तेव्हा शोधग्रामचे रुग्णालय आदिवासी गावासारख्या बैठ्या घरांचे बांधण्यात आले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. संशोधनाचा निष्कर्ष येथे थेट भिंतींच्या रचनेत उतरला.

स्वास्थ्य म्हणजे केवळ आजाराचा अभाव नव्हे

ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांनी १९८९ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्याची निराळी व्याख्या मांडली. एका व्यक्तीच्या शरीरापुरते आरोग्य नसते. संपूर्ण समाजाचे सामाजिक, भावनिक व सांस्कृतिक स्वास्थ्य त्यात येते, असे तिचे सार. कॅनडात मायकेल चँडलर व ख्रिस्तोफर लॅलोंड यांनी १९९८ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील आदिम समाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीवरील हक्कासाठीचे प्रयत्न, स्वशासन, शिक्षण, आरोग्यसेवा, सुरक्षा यंत्रणा आणि सांस्कृतिक केंद्र या सहा बाबी ज्या समाजांच्या स्वतःच्या हाती होत्या, त्यांच्यात अभ्यासाच्या काळात तरुणाची एकही आत्महत्या झाली नव्हती. सहाही बाबी हातून गेलेल्या समाजांत हे प्रमाण अत्यंत मोठे होते. यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. परंतु मनःस्वास्थ्याचा उपाय केवळ गोळीत नसतो, एवढे ध्यानात येते.

वाशीममध्ये याचे प्रतिबिंब शोधता येते. अकोला-वाशीम परिसरातील फासेपारधींनी 'संवेदना' या संस्थेसोबत माळरानांच्या आणि तणमोर या दुर्मीळ पक्ष्याच्या संवर्धनाचे काम हाती घेतले. पाखरांच्या वाटा आणि सवयी यांचे पिढीजात ज्ञान पूर्वी शिकारीसाठी वापरले जाई, तेच आता संरक्षणासाठी उपयोगात आले. गुन्हेगार म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजाला गावात जाणकार म्हणून मान मिळू लागला, तर त्याचा तरुणांच्या मनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याच्या सहा महिन्यांच्या कामाला पुरेसा आहे. २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे. पट्टा मिळालेल्या आणि न मिळालेल्या कुटुंबांतील चिंतेची तुलना हाही तसाच विषय.

संमती आणि गोपनीयता

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आदिवासी समाजातील संशोधन त्या समाजाच्या हिताचे असले पाहिजे. सक्षम प्रशासकीय अधिकाऱ्याची मान्यता, समाजातील जाणत्यांशी विचारविनिमय आणि प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र संमती या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत. सरपंचाने किंवा पंचांनी होकार दिला म्हणून घरातील स्त्रीचा होकार गृहीत धरता येत नाही.

लहान वस्तीत नाव वगळणे पुरेसे नसते. पंचवीस घरांच्या बेड्यावर 'चाळीस वर्षांची विधवा, दोन मुली' एवढे लिहिले तरी व्यक्ती ओळखू येते. अशा नोंदी एकत्रित स्वरूपातच प्रसिद्ध व्हाव्यात. मुलाखतीत कुणी जीव देण्याचा विचार बोलून दाखविला, तर विद्यार्थ्याने प्रश्नावली बाजूला ठेवून त्या व्यक्तीला मदतीशी जोडून देणे हे त्याचे पहिले कर्तव्य. त्यासाठी काम सुरू होण्याआधीच जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाशी संपर्क ठरलेला हवा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे मानले जाते आणि तिला शिक्षेऐवजी उपचार व आधार देण्याची जबाबदारी शासनावर येते. हे ठाऊक नसल्याने अनेक कुटुंबे पोलिसांच्या भीतीने घटना दडवतात.

अहवालापासून निर्णयापर्यंत

२०१४ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरण आणि आत्महत्यांचे प्रमाण २०३० पर्यंत दहा टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट ठेवणारे २०२२ चे राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंधक धोरण, असे दोन दस्तऐवज आज उपलब्ध आहेत. उणीव आहे ती जिल्हा पातळीवरच्या माहितीची. विद्यार्थ्यांच्या छोट्या अभ्यासातून राज्याचे धोरण बदलेल, ही अपेक्षा अवास्तव होय. जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि अकोल्याचे प्रकल्प अधिकारी यांच्या अखत्यारीतील निर्णय मात्र त्यावर घेता येतात. आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत जमातीचा एक रकाना वाढविणे, पारधी बोली जाणणाऱ्या स्वयंसेविकेची निवड करणे, आश्रमशाळेत समुपदेशकाच्या भेटीचा दिवस ठरविणे, मदतीसाठी 'अपात्र' ठरलेल्या कुटुंबाकडेही आरोग्य पथक पाठविणे, यांतील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही.

प्रशिक्षणाचा काळ संपतो, विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन शहरात परततो आणि अहवाल कपाटात जातो, हा अनुभव खेड्यांना नवीन नाही. म्हणूनच निष्कर्ष प्रथम त्या वस्तीत, तिच्या बोलीत वाचून दाखविण्याची अट अशा प्रत्येक कामाला असावी. आपण सांगितलेले कागदावर नीट उतरले की नाही, हे सांगणाऱ्यांनी तपासले, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी त्या घराचे दार उघडे राहील.

(मानसिक ताण, नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार सतावत असल्यास केंद्र शासनाच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही संपर्क साधता येतो. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून मराठीतही उपलब्ध आहे.)